घाटावरची झांकी

माघ महिन्यात मैद्याचा डबा रिकामा निघाला, तेव्हाच मंगलाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. घरात गोडधोड झालं नव्हतं, पाहुणे येऊन गेले नव्हते. मोरीत मोठं पातेलं उपडं पडलं होतं आणि त्याच्या काठाला खळ वाळून चिकटली होती. पलंगाखालची रद्दी नाहीशी झाली होती, दारामागचं सुतळीचं बंडल नाहीसं झालं होतं आणि नवऱ्याचाही सकाळपासून पत्ता नव्हता.

दुपारी संताजी वाघ जेवायला आले ते भुवयांवर प्लास्टरचे शिंतोडे घेऊनच.

"अहो, झांकी कधी निघते?" पोळी वाढता वाढता मंगलाबाईंनी विचारलं.

"अनंत चतुर्दशीला. का?"

"आणि आता कुठला महिना चाललाय?"

संताजींनी पोळीचा मोठा घास घेतला. तोंड भरलेलं असलं की खोटं बोलावं लागत नाही, हा त्यांचा लग्नापासूनचा अनुभव होता.

"माझा मैदा कुठे गेला?"

"घाटावर," घास संपल्यावर त्यांना सांगावंच लागलं. "चांगल्या कामाला लागलाय. आता जास्त पूछताछ नको करू ना यार, मंगला. उद्या भोपाळवाल्या मॅडम येतायत."

झांकी म्हणजे काय हे इंदूरकराला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी एवढंच, की अनंत चतुर्दशीला इथल्या कापड मिलचे कामगार गाड्यांवर देखावे उभारून मिरवणूक काढतात. बांबू, गोणपाट, कागद, खळ आणि प्लास्टर एवढ्यातून ते स्वर्ग, लंका, समुद्र, वाटेल ते उभं करतात आणि आत मोटर बसवून हलवूनही दाखवतात. संताजी मिलमध्ये फिटर होते, पण शहरात त्यांची ओळख झांकीवाले म्हणूनच. त्यांनी केलेल्या कालियाच्या फण्याला भिऊन एकदा पोलिसाचा घोडा उधळला होता. ही गोष्ट ते अजून नव्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगत.

मग मिल बंद पडली. देशाची दारं उघडली म्हणून पेपरांत रोज आनंदाच्या बातम्या येत होत्या, टीव्हीवर नवी नवी चॅनेलं दिसत होती, आणि इकडे मिलच्या फाटकाला कुलूप लागलं. माणसं घरात बसली. आयुष्यभर भोंग्यावर उठलेला माणूस घरात बसला की तो दिवसभर बायकोला स्वयंपाकातल्या चुका दाखवतो. मिलच्या कॉलनीतल्या बायका अगदी टेकीला आल्या होत्या.

त्यांची सुटका गजाननराव मुळ्यांनी केली. गजाननराव मिलच्या टाइम ऑफिसातले. कोण आला, कोण गेला, कोण उशिरा आला हे लिहिण्यात त्यांचा जन्म गेलेला. कॉलनीच्या मागून खान नदी वाहते. तिला सगळे नालाच म्हणत, आणि ती तशीच दिसेही. पण तिच्या काठावर सुभेदार घाट होता, आणि घाटावर एक दगडी छत्री: सहा कोरीव खांब, वर घुमट, होळकरांच्या काळात कुणा सरदाराच्या आठवणीसाठी बांधलेली. कुणाच्या ते कुणालाच माहीत नव्हतं. संताजींच्या मते त्यांच्याच पूर्वजाच्या.

गजाननरावांनी मंडळी जमवली आणि घाट साफ करायला घेतला. काम मिलच्या पद्धतीनेच चाले. सकाळी पहिल्या पाळीच्या वेळेला सगळे डबे घेऊन हजर. गजाननराव हजेरी घेत. पगार कुणालाच नव्हता, तरी उशिरा येणाऱ्याचा अर्धा दिवस कापला जाई आणि तोही त्याबद्दल मनापासून हुज्जत घालत असे. वर्षभरात घाटाच्या पायऱ्या उघड्या झाल्या, प्लास्टिक आणि चिंध्या गेल्या, आणि एक दिवस छत्रीच्या घुमटावर खंड्या येऊन बसला. त्या दिवशी सगळ्यांनी अर्धी पाळी काम सोडून नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

तेवढ्यात सरकारची योजना आली. लोक स्वतः नदी आणि जुनी वास्तू जपत असतील, तर पुढचं काम सरकार करून देणार होतं. गाळ काढायला मशीन, सांडपाणी वळवायला पाइप आणि छत्रीच्या डागडुजीला कारागीर. गजाननरावांनी अर्ज केला, भोपाळहून पाहणीचं कळवलं गेलं. मंजुरी मिळाली नाही, तर नदीवर स्लॅब टाकून वर दुकानं काढायचा दुसरा बेत शहरात तयारच होता. मिल गेली तेव्हा कुणाला कुणी विचारलं नव्हतं. आता घाटही गेला तर पुन्हा घरात बसायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्याबद्दल कुणी बोलत नसे.

आणि पाहणीच्या आठवडाभर आधी गाळात तोफ सापडली.

म्हणजे गाळातून लोखंडाचं एक गोल तोंड वर आलं होतं. बाकी सगळं संताजींनी मनानेच पाहिलं.

"तोफ! होळकरांची तोफ! गजाननजी, अपनी पुरखों की तोफ!"

"असू दे. मॅडम येऊन जाऊ द्या, मग सावकाश काढू."

"अरे भिया, मॅडम येतील तेव्हाच तर पाहिजे ना! छत्री आणि तोफ! मतलब, भोपाळपर्यंत आवाज गेला पाहिजे."

दोर तोफेच्या तोंडाला बांधला आणि छत्रीच्या पुढच्या खांबाला वळसा घालून मागे आणला. मिलमध्ये जड मशीन असंच ओढत. फरक एवढाच, की तिथे वळसा लोखंडी खांबाला असे. सगळे जण दोराला लागले. "जोर लगाके हैश्शा!" पहिल्या हैश्शाला काही झालं नाही. दुसऱ्याला काहीतरी कुरकुरलं आणि संताजी म्हणाले, "येतेय, येतेय!" तिसऱ्याला खांब आला. त्याच्यामागोमाग शेजारचा खांब आला. मग पुढचा अर्धा घुमट, काही घाई नसल्यासारखा, खाली येऊन बसला. सगळ्यात शेवटी तोफही आली. तो मिलच्या सांडपाण्याचा बिडाचा पाइप होता.

गजाननराव पायरीवर बसले आणि म्हणाले, "अर्जात मी लिहिलंय, छत्री आम्ही जिवापाड जपली आहे."

संताजी त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते खांद्यावर बांबू घेऊनच आले.

"मॅडम बघून जाणार ना? मग बघण्यापुरती छत्री मी उभी करतो."

"संताजी, ही सरळसरळ फसवणूक आहे."

"फसवणूक कशी? पडलेला एकेक दगड झाकून ठेवलाय. मंजुरी आली की खरी बांधू. तोपर्यंत बदली. कायम कामगार आजारी पडला तर बदली कामगार लागतो का नाही? तशी ही बदली छत्री."

दुसऱ्या कुठल्याही युक्तिवादाने गजाननराव बधले नसते. पण बदली हा शब्द त्यांनी जन्मभर रोज लिहिला होता. त्यांनी मान डोलावली.

पडलं तेवढंच उभं करायचं, असं ठरलं होतं. पण ही माणसं झांकीवाली. नवे खांब असे उतरले, की त्यांच्याशेजारी खरे खांब मळकट दिसू लागले. म्हणून खऱ्यांनाही कागद आणि रंग चढला. घुमटाला कळस नव्हता. कधीकाळी असलाच पाहिजे, असं संताजींचं म्हणणं पडलं. म्हणून झांकीच्या शेडमधून जुन्या देखाव्यातल्या इंद्रसभेचा कळस आणला, खालच्या कमळासकट. मग कमान रिकामी वाटायला लागली म्हणून तिथे दोन मोर बसले. मोर झाल्यावर खाली हत्ती नसणं बरं दिसेना. संध्याकाळी उजेड कमी पडतो म्हणून शेजारच्या घरातून वायर ओढून बल्ब लावले. काम इतकं रंगलं, की मिल बंद आहे हेसुद्धा चार दिवस कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

जेवणानंतर मंगलाबाई स्वतः घाटावर जाऊन उभ्या राहिल्या आणि भांडायचं विसरल्या. पिवळ्या दगडाचे खांब, त्यांच्यावर वेलबुट्टी, सोंडा उचललेले हत्ती. त्यांनी खांबावर बोट वाजवून पाहिलं. रिकाम्या खोक्यासारखा पोकळ आवाज आला.

"बाई गं! माझ्या मैद्याचं हे?" त्या म्हणाल्या. मग जरा विचार करून म्हणाल्या, "पण अहो, छत्री एवढी चांगली असेल तर ती दुरुस्त कशाला करायची?"

संताजींनी ते कौतुक म्हणून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलनीची बत्ती गुल होती आणि सगळे इस्त्री न केलेल्या शर्टांत उभे होते. जीपमधून प्रेमलता सप्रे उतरल्या. मॅडम मूळच्या ग्वाल्हेरच्या, म्हणून मराठी बोलत; पायांत कॅनव्हासचे बूट, आणि कुठल्याही वस्तूला हात लावल्याशिवाय पुढे जायचं नाही अशी सवय. त्यांनी पाण्यात हात घातला, पायऱ्या चढल्या-उतरल्या, हजेरीची पद्धत ऐकून खळखळून हसल्या. मंगलाबाईंच्या हातचे पोहे शेव टाकून खाल्ले. सगळं छान चाललं होतं. मग त्या छत्रीकडे वळल्या. गजाननरावांनी कालच्या ओल्या रंगाचं कारण सांगून त्यांना दोन हात लांबच थांबवलं.

"अरे वा! मी छत्र्या बघत मोठी झालेय, पण इतकं सुरेख काम! अगदी कालचं वाटतं."

"काल संध्याकाळीच मोरांना रंग..." संताजी बोलू लागले आणि गजाननरावांनी त्यांच्या पायावर पाय दिला.

मॅडम बराच वेळ पाहत राहिल्या आणि मग त्यांनी सुस्कारा सोडला. "पण मग मला सांगा, इथे सरकारने करायचं काय? आमची योजना मोडकळीला आलेल्या जागांसाठी आहे. रतलामकडे एक बावडी आहे, पायऱ्यांची जुनी विहीर, बिचारी खचत चाललीय. आता ही मदत तिकडेच द्यायला हवी. तुम्ही तर सगळं केलंच आहे! मी तुम्हाला प्रशस्तिपत्र पाठवते."

गजाननराव पुढे सरसावले. प्रशस्तिपत्राने गाळ निघत नाही आणि स्लॅबही थांबत नाही.

"मॅडम, दिसते तशी नाहीये ही!" ते घाईघाईने म्हणाले. "आतून फार वाईट अवस्था आहे. खांब तर पोकळ झालेत."

"पोकळ?" संताजींना राहवलं नाही. "काय बोलता गजाननजी! मॅडम, ह्या खांबावर खराखुरा हत्ती उभा करा, हलला तर नाव बदला."

"संताजी!"

"नाही, पण जे मजबूत आहे त्याला मजबूतच म्हणायचं ना."

मॅडम एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होत्या. तेवढ्यात कॉलनीची तांबडी गाय पायऱ्या उतरून आली. खळीचा वास तिला लांबूनच लागला असावा. तिने खांबाला जीभ लावली आणि तिला तो आवडला.

"गाई दगड चाटतात, मॅडम," गजाननराव म्हणाले. त्यांना छत्री मोडकी दाखवायची होती, कागदी नव्हे, आणि हे दोन्ही एकदम सांभाळताना त्यांना घाम फुटला होता. "क्षार असतात ना दगडात."

"पण ही चावतेय."

खरंच चावत होती. खांबाचा एक लांब पापुद्रा सुटला आणि आतून वर्तमानपत्राचं पान बाहेर आलं. त्यावर परदेशी गुंतवणुकीची मोठी बातमी होती. गाईने ती चवीने खाल्ली.

"हिला हाकला कुणीतरी!" गजाननराव ओरडले.

"खाणारच ती!" पोह्यांच्या बशा गोळा करत असलेल्या मंगलाबाईंच्या तोंडून निघून गेलं. "माझा डबाभर मैदा आहे त्यात!"

मॅडम काही विचारणार, तोच लाइट आली.

बल्बांसाठी ओढलेली वायर काढायची राहिली होती, आणि संताजींच्या माणसांनी सवयीने कळसाची मोटरही तिलाच जोडून ठेवली होती. आधी हत्तींचे डोळे लाल झाले. मोरांनी माना हलवल्या. मग कळस घरघरत फिरू लागला आणि खालचं कमळ पाकळी पाकळी उघडलं. इंद्रसभेतली अप्सरा आतच राहून गेली होती. ती हळूहळू वर आली, दोन्ही हात जोडले आणि भोपाळच्या मॅडमना वाकून नमस्कार केला.

गाईने आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. ती उधळली, शिंगात अडकलेला बांबू बरोबर घेऊन गेली आणि छत्रीचा पुढचा भाग, चार दिवसांची मेहनत, फुसकन खाली बसला. मागे उरले चार खांब, तुटका घुमट आणि तिरक्या झालेल्या कमळात उभी राहून अजून नमस्कार करत असलेली अप्सरा.

"मॅडम, ही भूकंपाची..." गजाननरावांनी सुरुवात केली.

"बस, गजाननजी," संताजी म्हणाले. त्यांनी टोपी काढली. "मॅडम, छत्री मी पाडली. तोफ समजून पाइप ओढला. गजाननजी तर नको म्हणत होते. आणि ही खोटी छत्रीपण माझीच." त्यांनी टोपी हातात चुरगळली. "मिल गेली ना, तेव्हा अपन काहीच करू शकलो नाही. कुणाशी भांडायचं तेसुद्धा कळलं नाही. इथे निदान हातात फावडं तरी होतं. सजा मला द्या, पण ह्या लोकांचा घाट नका घेऊ."

ते खरं बोलत होते आणि त्यांना रडू येत होतं. मंगलाबाईंनी बशा खाली ठेवल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

मॅडम तुटक्या घुमटापाशी गेल्या, दगडावर हात फिरवला. गोणपाटाखाली पडलेले दगड नीट लावून ठेवले होते; तेही पाहिले. मग वही काढली.

"म्हणजे वास्तू मोडलेली आहे."

"जी."

"माझ्या डोळ्यांदेखत आणखी मोडली."

"जी, मॅडम."

"लोकसहभाग..." त्यांनी आजूबाजूला पाहिलं. दोन जण कोसळणारा हत्ती पाठीवर पेलून धरून होते, एक जण अप्सरेची वायर ओढत होता आणि बाकीचे गाईच्या मागे पळत होते. "तो दिसतोच आहे." त्यांनी लिहिलं. "आता राहिली शेवटची अट. दुरुस्तीनंतर वास्तू कशी दिसेल याचं मॉडेल लागतं. लोक मला हातभर मॉडेल दाखवतात, थर्माकोलचं नाहीतर साबणाचं. मला नमस्कार करणारं हे पहिलंच."

"मॅडम, मॉडेल म्हणून आम्ही काही..." प्रामाणिक गजाननराव बोलू लागले.

या वेळी पाय संताजींनी दिला. "मॉडेलच आहे, मॅडम! एकदम फुल साइझ."

"बरंय," मॅडम म्हणाल्या. "मंजूर. पण दोन गोष्टी. दोर पुन्हा कुठल्या खांबाला बांधायचा नाही. आणि कमळातली ही बाई नको."

सगळ्यांनी केलेल्या गलक्याने खंड्या उडाला तो थेट पलीकडच्या काठावर जाऊन बसला.

गाळ काढायचं मशीन होळीनंतर आलं. सांडपाण्याची तोंडं वळली, महेश्वरहून कारागीर आले आणि मिलच्या माणसांनी त्यांच्या हाताखाली काम केलं. गजाननरावांनी कारागिरांचीही हजेरी घेतली. स्लॅबचा बेत कुणी रद्द केला असं नाही, पण त्याबद्दल बोलायला ज्याला त्याला लाज वाटू लागली. भाद्रपदात, बंद मिलची झांकी वर्गणी काढून निघाली. देखावा होता घाटाचा: एक गाय छत्री खातेय आणि वरून अप्सरा नमस्कार करतेय. राजवाड्यापाशी लोकांनी गाडी पुढे जाऊच दिली नाही. पहिलं बक्षीस मिळालं. खळीसाठी मैदा या वेळी मंगलाबाईंनी न मागता काढून दिला, आणि गाय हलताना जरा जास्तच मान हलवते असं मतही दिलं.

कार्तिकात छत्री पुरी झाली. जुने दगड जुन्या जागी, जिथे चुरा झाला होता तिथे नवे. घाटावर अख्खी कॉलनी लोटली, उद्घाटनाला मॅडम आल्या. फीत बांधलेली होती, कात्री ताटात होती. पण मॅडमनी आधी खांबावर बोट वाजवून पाहिलं. बोट चांगलंच दुखलं, तरी त्यांचं समाधान होईना.

"माझा इथल्या कारागिरांवर भरवसा नाही," संताजींकडे पाहत त्या म्हणाल्या. "गाय कुठाय?"

गाईला आणलं. गर्दीने वाट करून दिली. ती खांबापाशी आली, हुंगलं, मोठ्या आशेने जीभ लावली. थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिने सगळ्यांकडे नाराजीने पाहिलं आणि वळून चालती झाली.

"पास!" मॅडम म्हणाल्या आणि फीत कापली.

टाळ्या, शिट्ट्या आणि ढोल यांत कुणाचं कुणाला ऐकू येईना. संताजी भरल्या डोळ्यांनी बायकोच्या कानात ओरडून सांगत होते, की नुसता कळस जरी फिरता ठेवला असता तरी काय बहार आली असती. गजाननराव मात्र शांतपणे बाजूला झाले. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि गाईची पूर्ण दिवसाची हजेरी लावली.